पुंडलिकरावांच्या भुकेचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर बारीक ठिपक्यांनी ‘शकु’ असं नाव कोरलेलं आहे. मी तीन भांड्यांचा, स्टीलचा, जुना जेवणाचा डबा. माझी एक कडी तुटली, तिच्या जागी आता तांब्याची तार वळवलेली आहे. तळाला एक पोचा आहे. पण आत हात फिरवला तर मी अजून गुळगुळीत लागतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. पत्रा दाबला जातो तेव्हा इतका मोठा आवाज होतो, की त्यानंतर बराच काळ दुसरं काही ऐकूच येत नाही. मला नीट आठवतं ते काटोलच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. तिथं आम्ही सारे डबे दोरीला टांगलेले असायचो आणि वारा आला की एकमेकांवर आपटायचो. एका सकाळी बाबाराव नावाचा माणूस आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं. त्यानं मला हातात घेऊन झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि दुकानदाराला म्हणाला, “याच्यावर शकु लिहा. मोठं लिहा. सासरी कोणी आपलं म्हणून उचलून नेलं नाही पाहिजे.” बाबाराव त्या दिवशी शुद्धीवर होता. तसे त्याचे दिवस थोडे होते. शकुच्या लग्नानंतर काही वर्षांनी दारूनंच तो गेला. त्याची बहीण त्या मरणाबद्दल कुणाशी बोलत नसे.

शकुबरोबर मी जबलपूरला आलो. तिचे सासरे वऱ्हाडातून इथं कामासाठी आले आणि इथलेच झाले. तिचा नवरा पुंडलिक जबलपूरच्याच रिछाई भागातल्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. पाइपांचे जोड कातून काढायचे, हे त्याचं काम. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सुपारीसुद्धा खात नसे.

माझे चांगले दिवस तेव्हा सुरू झाले. वरच्या भांड्यात भाजी, मधल्यात ज्वारीची भाकरी, खालच्यात वरण-भात. हिवाळ्यात वांग्याचं भरीत, कधी झुणका. दुपारची घंटा झाली की पुंडलिक मला खिडकीतून उचलायचा, आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघत सरकत यायचे. “भैया, आज झुनका है क्या?” कुणीतरी विचारायचं. पुंडलिक नुसता झाकण उघडून पुढं करायचा. भाकरीचा तुकडा इकडं जायचा, कुणाचं लोणचं तिकडून यायचं. संध्याकाळी मी रिकामा घरी यायचो आणि शकु मला हलवून बघायची. काही वाजलं नाही की तिला बरं वाटायचं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. त्यांची मुलगी हर्षा मोठी झाली, नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिनं वडिलांसाठी नवा डबा आणला. निळा, लहानसा, अन्न गरम ठेवणारा. “बाबा, ये लीकप्रूफ है,” ती म्हणाली. हर्षाला मराठी सगळं कळतं, पण तिच्या तोंडात हिंदीच आधी येते. मला माळ्यावर ठेवलं. काही दिवस माझ्यात मेथीदाणे होते, नंतर तेही नव्हते. माळ्यावर धूळ आवाज न करता बसते, मित्रांनो. कुणी ओरडत नाही, कुणी फेकत नाही. नुसतं विसरतात.

मग एका सकाळी शकु स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. चिंचेनं घासलं. कडीची तार घट्ट केली.

“इसको क्यों निकाला, आई?” हर्षानं विचारलं.

“त्या निळ्या डब्यात पुरत नाही ओ बाई त्यांचं,” शकु म्हणाली. “आल्याबरोबर खायले मागतात. आजकाल भूक वाढून राहिली त्यांची.”

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, माझी आठवण झाली. ती भूक कसली आहे हे तेव्हा त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

भूक रोज थोडी वाढत गेली. दुपारच्या घंटेपर्यंत पुंडलिकला थांबवेना. तो सकाळीच माझं वरचं भांडं रिकामं करू लागला. पहाटे उठला की आधी गुळाचा खडा आणि पोळी, मग तोंड धुणं. अंगानं भरला. लोक थट्टा करत, “पुंडलिक भैया को अब जाके खाना लगा है.” तोही हसायचा. पण कुठल्या दिवशी खायला उशीर झाला की त्याला घाम फुटायचा. हात कापायचे. डोळ्यांपुढं एकाचे दोन दिसायचे. तो मशीन थांबवून माझ्याकडे यायचा, घाईघाईनं खायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. हर्षानं हट्टानं एकदा गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. पुंडलिक नुकताच जेवून गेला होता. रक्त तपासलं, साखर बरोबर निघाली. पित्ताच्या गोळ्या घेऊन बापलेक घरी आले.

थंडीच्या सुरुवातीला कारखान्यात जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी तो घरून न खाता निघाला होता, कारण पाणी भरण्यात वेळ गेला. मशीन सुरू होती आणि तो तिच्यापुढं नुसता उभा होता. डोळे उघडे, पण कशावरही नाहीत. शेजारच्यानं हाक मारली तर त्यानं भलतंच उत्तर दिलं, जड जिभेनं. मग त्याचा तोल गेला आणि लोखंडाच्या किसाच्या ढिगावर तो बसकन बसला.

कारखान्याचे सुपरवायझर धनेशजी धावत आले. त्यांनी आधी मशीन बंद केली. “भैया, चढ़ा के आए हो क्या?” ते म्हणाले. आवाजात राग होता, पण भीतीही होती. आणखी एक पाऊल पुढं पडलं असतं, तर त्याचा हात फिरत्या मशीनमध्ये गेला असता.

कुणीतरी पुंडलिकला गोड चहा पाजला, माझ्यातली भाकरी खाऊ घातली. थोड्या वेळात तो शुद्धीवर आला आणि विचारू लागला, “काय झालं? मशीन काहून बंद आहे?” त्याला काहीच आठवत नव्हतं. बघणाऱ्यांना वाटलं, नशा उतरली.

असं आणखी एकदा झालं. मग धनेशजींनी त्याला लेथवरून काढलं आणि तयार माल खोक्यात भरायला बसवलं. कामावरून काढलं नाही, हा त्यांचा चांगुलपणाच म्हणायचा. पण इतकी वर्षं मशीन चालवलेला माणूस खोकी भरू लागला की लोक बोलतात. ते बोलणं रिछाईतून घरापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

शकुनंही ते ऐकलं. त्या संध्याकाळी पुंडलिक चपला काढत होता, तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि तिनं त्याचं तोंड हुंगलं. मी त्याच्या हातात होतो. त्याची माझ्या दांडीवरची पकड घट्ट झाली.

“शकु,” तो म्हणाला, “तुलेही तसंच वाटते काय?”

“माझा भाऊ बी हेच म्हणायचा,” ती म्हणाली. “मी नाही घेत, मी नाही घेत.”

त्यानंतर ती त्याच्याशी फारशी बोलली नाही. पण डबा रोज भरला. भाकरी एक जास्तच ठेवायची. रुसलेली माणसंही किती मायेनं डबा भरतात, ते आम्हा डब्यांनाच ठाऊक.

संक्रांत जवळ आली तेव्हा शकुनं एक ठरवलं. “ग्वारीघाटावर चला,” ती पुंडलिकला म्हणाली. “नर्मदामायच्या पाण्यात उभं राहून सांगा, सोडली म्हणून.”

“जे धरलंच नाही, ते सोडू कसं?”

“मग शपथ घ्यायले काय हरकत आहे?”

“चल,” पुंडलिक म्हणाला. “तुझ्या मनाले शांती भेटत असेल, तर चल.”

शपथ उपाशीपोटी घ्यायची असं शकुचं म्हणणं. आदल्या संध्याकाळी तो लवकर जेवला आणि त्यानंतर त्यानं काही तोंडात घातलं नाही. सकाळी गूळ-पोळीही नाही. शपथेनंतर खायला म्हणून तिनं तिळाच्या पोळ्या आणि भाजी माझ्यात भरून घेतली. हर्षाही बरोबर निघाली.

घाटावर धुकं होतं. फुलांच्या टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या, नावाडी चहा पीत होते. पुंडलिक वाटेतच अडखळू लागला होता. शकु दोन पावलं पुढं चालत होती, तिनं वळून पाहिलं नाही. पायऱ्या उतरून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं ओंजळ भरली. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. त्यानं पुन्हा भरली, पुन्हा गळलं.

“बोला,” शकु म्हणाली.

तो काहीतरी बोलला. मशीन, पाइप, घंटा असे शब्द होते, पण त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. मग तो पाण्यातून वर येऊ लागला, पायरीवर पाय घसरला आणि कुशीवर कोसळला. हर्षा ओरडत खाली धावली. एवढ्या थंडीत त्याचा सदरा घामानं भिजलेला होता.

वरच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, “सुबह-सुबह पी के आ गया. मैया का भी लिहाज़ नहीं.”

शकुनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला एकदम काहीतरी कळलं. काल संध्याकाळपासून हा माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. ती उठून उभी राहिली. माझ्या मालकिणीला एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“नहीं पी है!” ती ओरडली. “कल शाम से मेरे सामने हैं. पानी तक नहीं गया मुँह में. बीमार हैं ये, बीमार!”

फुलं विकणारी इंदू टोपली सोडून आली. “तो बाई, खड़ी क्यों हो? अस्पताल ले जाओ,” ती म्हणाली. तिनं दोन नावाड्यांना हाका मारल्या. त्यांनी पुंडलिकला उचलून रिक्षात घातलं. शकुनं पोळीचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला, तर इंदूनं तिचा हात धरला. “बेहोश को मत खिलाओ, गले में अटकेगा.”

दवाखान्यात नर्सनं त्याच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि पुन्हा दुसऱ्या बोटाला टोचली. साखर इतकी कमी होती, की यंत्रावर तिचा विश्वास बसेना. लगेच हाताच्या शिरेतून ग्लुकोज दिलं. पुंडलिकनं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. “भूक लागली,” तो म्हणाला. चांगला सावध झाल्यावर त्यानं तिथंच बसून माझ्यातल्या सगळ्या तिळाच्या पोळ्या संपवल्या.

तिथल्या डॉक्टर चिन्मयी जबलपूरच्याच, जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी आधी विचारलं, मधुमेहाचं औषध चालू आहे का, घरात दुसऱ्या कुणाचं आहे का, चुकून घेतलं गेलं का. तसं काहीच नव्हतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. साखर पुन्हा उतरली तेव्हा रक्त घेतलं आणि त्यातलं इन्शुलिन तपासायला पाठवलं. साखर इतकी खाली, म्हणजे इन्शुलिन जास्त असणार, असा त्यांचा अंदाज होता. ते अगदी कमी निघालं. तेव्हा त्या म्हणाल्या, “पोटाची तपासणी करू या.”

यकृतात गाठ होती. मोठी, सोललेल्या नारळाएवढी.

हे सांगायला त्या स्टूल ओढून शकुसमोर बसल्या. “रक्तातली साखर शरीरानं वापरावी म्हणून इन्शुलिन असतं,” त्या म्हणाल्या. “यांच्या यकृतातली ही गाठ इन्शुलिनसारखंच काम करणारं दुसरं एक द्रव्य रक्तात सोडते आहे. माणूस जेवलेला असो की उपाशी, गाठ थांबत नाही. सगळी साखर संपते. एरवी अशा वेळी यकृत साठवणीतली साखर बाहेर काढतं, पण ते द्रव्य तीही बाहेर येऊ देत नाही. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस अडखळतो, बरळतो. फार थोड्या लोकांना होतं हे. मी पुस्तकात वाचलं होतं, पेशंट पहिल्यांदाच पाहते आहे.”

“म्हणजे ते कधी प्यायले नव्हते,” शकु म्हणाली. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ते उपाशी होते. भरपूर खाऊनसुद्धा उपाशी होते.”

गाठ काढायला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. तिथं तारीख मिळेपर्यंत एकच काम होतं, साखर पडू द्यायची नाही. औषधं सुरू झाली, पण मुख्य औषध म्हणजे अन्न. थोड्या थोड्या वेळानं खायचं, झोपेतून उठवूनही खायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. माझ्यात काय काय भरलं जायचं! दशमी, केळी, दहीभात, डिंकाचे लाडू. शकु मला रिकामं राहूच देत नव्हती.

एका दुपारी ती त्याला दहीभात भरवत होती. हर्षा औषधं आणायला गेली होती.

“मी तुमचं तोंड हुंगलं,” शकु एकदम म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्हाले उपाशी नेलं घाटावर. काही झालं असतं म्हणजे?”

पुंडलिकनं घास गिळला. “तू नेलं नसतं तर मी असाच कुठंतरी मशीनवर पडलो असतो,” तो म्हणाला. “पण हुंगलं ते मले लागलं होतं, शकु. खोटं काहून सांगू?”

“लागणारच,” ती म्हणाली, आणि पुढचा घास कालवू लागली. त्यानं तिचा हात धरला आणि घास स्वतःच तोंडाशी नेला.

नागपूरच्या वाटेवर मी तिच्या मांडीवर होतो. सिवनी येईपर्यंत माझं एक भांडं संपलं, सिवनीच्या पुढं दुसरं. ऑपरेशन फार वेळ चाललं. आत काय झालं ते मला माहीत नाही. मी बाहेरच्या बाकावर होतो. शकु बसल्या बसल्या माझ्या कडीची तार सोडवायची आणि पुन्हा वळवायची. हर्षानं दोनदा तिला खायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. मग डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. त्यांनी सांगितलं, गाठ निघाली तशी साखर आपोआप वर येऊ लागली.

काही दिवसांनी त्याला मऊ खायची परवानगी मिळाली. शकुनं ओळखीच्यांच्या घरून मुगाची खिचडी करून आणली होती. नेहमीसारखं तिनं मला गच्च भरलं होतं. पुंडलिक टेकून बसला. त्यानं थोडे घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

“काय झालं?” शकु घाबरली. “चव नाही काय?”

“चव आहे.”

“मग?”

“पोट भरलं,” तो म्हणाला. त्यालाच त्याचं नवल वाटलेलं दिसत होतं. “शकु, मले भूक नाही.”

शकुनं माझ्यात पाहिलं. अर्ध्याहून जास्त खिचडी शिल्लक होती. तिनं झाकण लावलं आणि मला तसंच मांडीवर धरून ती रडू लागली.

“आई, रो क्यों रही हो?” हर्षा म्हणाली. “अच्छा ही तो है ना?”

“अच्छाच आहे ओ बाई,” शकु म्हणाली. “म्हणूनच.”

जबलपूरला परतल्यावर धनेशजी घरी आले. “भैया, हमने ग़लत समझा,” ते म्हणाले. पुंडलिकनं मान हलवली. “हमको ख़ुद कहाँ समझा था,” तो म्हणाला. पावसाळ्यानंतर तो लेथवर परत गेला. जड माल दुसरे उचलतात, तो फक्त मशीन चालवतो. अशी गाठ परत येऊ शकते, म्हणून ठरावीक दिवसांनी त्याची तपासणी होते, आणि त्या दिवशी शकु सकाळपासून कुणाशी धड बोलत नाही. कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर अजून एखादा जण हळूच हसतो. सगळ्यांना सगळं समजावून सांगता येत नाही. पुंडलिक तो प्रयत्नही करत नाही.

मी आता कधी माळ्यावर असतो, कधी कामाला. निळ्या डब्यात त्याचं जेवण पुन्हा पुरू लागलं आहे. सणावाराला, चार लोकांना पुरेल एवढं न्यायचं असलं की शकु मला काढते. याबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी पूर्वीपेक्षा फार खाऊ लागलं, किंवा खायला उशीर झाला की घामाघूम होऊन भलतंसलतं बोलू लागलं, तर हसू नका आणि रागावूही नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि हा त्रास उपाशीपोटी होतो हे आवर्जून सांगा. रस्त्यात कुणाचा तोल जाताना दिसला, तर आधी त्याला हात द्या. शुद्धीवर असेल तर विचारा, “सकाळपासून काही खाल्लं का?” नाव ठेवायला लोक पुष्कळ असतात. हे एवढं विचारणारा मात्र त्या घाटावर एकही नव्हता.